तुआराच्या गोगलगाई

तुआरा डोंगराची सोंड नदीत कोसळण्याआधी तिच्यावरच्या गोगलगाई खाली आणायच्या, एवढ्यासाठीच ते तिघं निघाले होते.

सोंड आपसूक खचत नव्हती. लाकडाच्या ट्रकांसाठी तिच्या पायथ्याशी रस्ता कापला, तेव्हा गावातल्या प्रत्येक घरातलं कुणी ना कुणी त्या कामावर होतं. मेरेआनाचा नवरा बुलडोझर चालवायचा. फर्गस डॉइल सुरुंग उडवायचा. घरांवर नवी छपरं चढली, दारात गाड्या आल्या. मग एक भूकंप झाला, त्यामागून कधी नव्हे इतका ओला हिवाळा आला, आणि पाय तोडलेला तो डोंगर कण्हू लागला. वरच्या जंगलात भेगा पडल्या. त्याच जंगलात, जगाच्या पाठीवर फक्त तिथेच, ती मोठी गोगलगाय राहत होती. माणसाच्या मुठीएवढी, सोनेरी-तपकिरी पट्ट्यांची, पालापाचोळ्याखाली गांडुळांची शिकार करणारी.

"डोंगराचा पाय आपण कापला," हेनारे आजोबा सभाघरात म्हणाले. "आता निदान त्याच्या अंगाखांद्यावरची पोरं तरी उचलून आणा."

कुणाचीच मान वर झाली नाही.

गावामागच्या टेकडीवर, गोगलगाई खाणाऱ्या उंदरांसाठी आणि पॉसम प्राण्यांसाठी सापळे लावून गावकऱ्यांनी गोगलगाईंसाठी रान राखलं होतं. वनखात्याची परवानगी आली होती. हेलिकॉप्टरही ठरलं होतं, पण तुआरावरचा ढग काही हलेना. वैमानिक रोज सकाळी वर बघायचा आणि पुन्हा चहा प्यायला बसायचा. शेवटी मेरेआना उठली.

"ढगाची वाट बघत बसलो तर डोंगरच खाली येईल आपल्याला भेटायला," ती म्हणाली. "मी चालत जाते. यायचं त्यानं या."

मेरेआना साठी उलटलेली, काटक बाई. हाराकेके नावाच्या रानझुडपाच्या चिवट पात्यांच्या टोपल्या विणणारी म्हणून साऱ्या किनाऱ्यावर तिचं नाव. लहानपणी वडिलांबरोबर ती तुआरावरच्या ओढ्यांत वाम पकडायला जायची, त्यामुळे गोगलगाई कुठे असतात ते तिला ठाऊक होतं. तिच्यामागून फर्गस निघाला. हयातभर पॉसम पकडत आलेला, पांढऱ्या दाढीचा, तोंडाळ म्हातारा. आणि तिसरा तिआकी, मेरेआनाचा भाचा. आई लवकर गेली म्हणून आत्यानंच वाढवलेला. खोऱ्यात त्याच्याइतके रुंद खांदे दुसऱ्या कुणाचे नव्हते. कुणाची शेड हलवायची असो, की किनाऱ्याला देवमासा अडकलेला असो, पहिली हाक तिआकीला जायची, आणि तोही हाकेची वाट बघतच असायचा.

मासे ठेवायची जाड फोमची पांढरी पेटी लोखंडी चौकटीला बांधली होती. झाकणाला भोकं पाडलेली. ती कुणी उचलायची, हा प्रश्नच नव्हता.

"आत्या, तूही बस वर," पट्टे खांद्यावर चढवत तिआकी म्हणाला. "दोन्ही ओझी एकदमच नेतो."

"आधी ती ढेरी नेऊन दाखव," मेरेआना म्हणाली.

"ढेरी नाही, राखीव साठा आहे त्याचा," फर्गस म्हणाला. "अडचणीत सापडलो तर आपण यालाच खायचं!"

नदीकाठानं, मग ओढ्याच्या घळीतून, मग नुसत्या मुळ्यांना धरून ते वर चढत राहिले. पाऊस पडत नव्हता, लोंबत होता. बीच वृक्षांच्या खोडांवरून शेवाळाच्या दाढ्या ठिबकत होत्या, आणि झाडाएवढ्या नेच्यांच्या छत्र्यांखाली दुपारीसुद्धा दिवा लावावा असा अंधार. वादळात पडलेली झाडं एकावर एक अशी रचली गेली होती, की कधी त्यांच्याखालून सरपटायचं, कधी वरून घोड्यावर बसल्यासारखं सरकायचं. एका फांदीत तिआकीच्या पाठीवरचा डावा पट्टा अडकला आणि टर्रकन उसवला.

संध्याकाळी शिकाऱ्यांच्या जुन्या पत्र्याच्या खोपीत त्यांनी चूल पेटवली. धुरावलेली वाम आणि बटाट्याच्या आंबवणाचा पाव खाल्ला. मेरेआनानं पट्टा मांडीवर घेतला, जाड सुई काढली आणि मेणाच्या दोऱ्यानं तो शिवून टाकला. मग दोन्ही हातांनी ताणून बघितला.

"आता हा तुझ्याआधी तुटायचा नाही," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी उजाडताना ते सोंडेच्या माथ्यावर पोचले. आणि थबकले!

जंगल वाकडं झालं होतं. म्हातारी राता झाडं दारू प्यायल्यासारखी एकमेकांच्या अंगावर कललेली. जमिनीत भेगा, काही बोटभर, काही माणूस आत जाईल एवढ्या. भेगांच्या दोन्ही काठांवर तुटलेल्या मुळांची टोकं अजून पांढरीशुभ्र होती. खोलवर कुठेतरी दगडावर दगड घासल्याचा आवाज येत होता.

फर्गसनं टोपी काढली. मग स्वतःशीच म्हणाला, "पहिला सुरुंग मी लावला होता. टाळ्या वाजवल्या होत्या रे लोकांनी."

"नंतर रड," मेरेआना म्हणाली. "आता खाली वाक आणि शोध."

गुडघ्यांवर बसून ते पालापाचोळा हातानं अलगद बाजूला सारू लागले. पहिली गोगलगाय मेरेआनालाच दिसली. झिमझिम पावसात ती उघड्यावर आली होती. पाठीवर चकाकणारं कवच, जणू कुणी जुन्या लाकडावर सोनेरी दोऱ्या गुंडाळून लाखेचा हात फिरवलाय. काळसर, सुरकुतलेलं अंग हळूच पुढे सरकलं. तिच्या तोंडात गुलाबी, वळवळणारं गांडूळ होतं. ती ते चावत नव्हती. लहान मूल शेवया ओढतं तसं, थांबत थांबत, आत ओढून घेत होती. गांडुळानं जीव खाऊन ओढ दिली. गोगलगाईनं घाई केली नाही. शेवटचं टोक आत गेलं आणि तिनं शिंगं वर केली.

"ही माझ्याआधीपासून इथं असेल," तिआकी कुजबुजला. त्याला आपले हात एकदम फार मोठे वाटू लागले.

"हळू रे. अंडं उचलतोस असं उचल."

दुपारपर्यंत डझनभर सापडल्या. प्रत्येकीला ओल्या शेवाळात गुंडाळून पेटीत ठेवली. आणखी सापडल्या असत्या, पण तेवढ्यात पायाखालची जमीन हलली.

आधी पक्षी गप्प झाले. मग एक लांब, पोटातून आल्यासारखी गुरगुर. मेरेआना ओरडली, "कातळाकडे! पळा!"

तिघं धावले. मागे झाडं पडू लागली. एक. दुसरं. मग मोजता येईना! फर्गसचा पाय भेगेत गेला. बघता बघता तो छातीपर्यंत आत घसरला आणि भेग मिटू लागली. तिआकी पेटीसकट वळला. पोटावर आडवा झाला. फर्गसची कॉलर एका हातात, दाढी दुसऱ्या हातात धरून त्यानं ओढलं. म्हातारा बोंबलला. भेगेनं त्याचा बूट ठेवून घेतला, माणूस सोडला. दोघं मेरेआनापाशी कडेच्या कातळावर जाऊन पडले, आणि त्यांच्या डोळ्यांदेखत आत्ता जिथे ते गुडघे टेकून बसले होते ते जंगल, झाडांसकट, शेवाळासकट, उभंच्या उभं खाली निघून गेलं.

खालून नदीचा आवाज बदलला. मातीचा वास वर आला.

"माझी दाढी," बऱ्याच वेळानं फर्गस म्हणाला.

"आहे," तिआकी म्हणाला. "थोडी माझ्या मुठीत आहे."

आत्या-भाचे हसले. फर्गसला हसवेना, कारण त्याची बरगडी मोडली होती. त्या क्षणी तिआकीला कुणी विचारलं असतं, तू कशाला भितोस, तर त्याला उत्तर सुचलं नसतं.

आल्या वाटेवर दरड कोसळली होती. आता एकच मार्ग होता. पलीकडच्या घळीतून उतरायचं, नदी ओलांडायची आणि दुसऱ्या काठानं गाव गाठायचं. एका पायात बूट आणि दुसऱ्या पायाला चादरीचा तुकडा गुंडाळलेल्या फर्गसला घेऊन उतरायला वेळ लागला, आणि तोवर वरचा सगळा पाऊस नदीत उतरला होता. एरवी काळ्या चहासारखं दिसणारं पाणी आता दुधाळ करडं झालं होतं. त्यात अख्खी झाडं वाहत होती.

"थांबू या का?" तिआकीनं विचारलं.

मेरेआनानं वर बघितलं. सोंडेवरून अजून धोंडे सुटत होते. "इथं थांबलो तर चिरडू. ओलांडायचं."

तिघांनी एकमेकांच्या पाठीवरच्या ओझ्यांच्या पट्ट्यांत हात अडकवले. सगळ्यात धिप्पाड माणूस प्रवाहाच्या वरच्या अंगाला, म्हणजे तिआकी. मध्ये फर्गस. खालच्या अंगाला मेरेआना. एकदम पाऊल उचलायचं, एकदम टेकायचं.

"चला! टेका! चला! टेका!"

पाणी मांडीला लागलं. कमरेला लागलं. थंडीनं श्वास अडकला. अर्ध्याहून जास्त नदी मागे पडली होती. तेवढ्यात पाण्याखालून आलेला ओंडका तिआकीच्या गुडघ्यावर बसला.

तो पडला.

पाणी डोक्यावरून गेलं. पाठीवरची पेटी पाण्यानं उचलली आणि त्याच्या मानेवर दाबून बसली. तोंडात वाळू. कानात गडगडाट. वर कुठे, खाली कुठे? कळेना! त्याला एवढंच कळलं, की हे ओझं मला मारतंय. त्यानं आपल्या पट्ट्यात अडकवलेला फर्गसचा हात झटकला. दोन्ही अंगठे खांद्यांवरच्या पट्ट्यांखाली घातले, जोर करून ते खाली ओढले, आणि पाठ मोकळी झाली.

मग त्याचे पाय तळाला लागले. तो उभा राहिला.

पाणी त्याच्या कमरेएवढं होतं.

काठ हातभर अंतरावर. थोडं खालच्या अंगाला, मोडक्या बरगडीचा म्हातारा आणि साठी उलटलेली बाई एकमेकांना घट्ट धरून, एक पाऊल, मग एक पाऊल, असे पाण्याबाहेर येत होते. ते पडले नव्हते. त्यांनी कुणाला सोडलं नव्हतं. आणि पांढरी पेटी गिरक्या घेत वळणाकडे चालली होती.

"तिआकी!" मेरेआना ओरडली. "पेटी! काय झालं?"

"पट्टा तुटला!"

शब्द तोंडातून गेला तेव्हा तो खोटा आहे हे त्यालाही जणू नंतर कळलं. पेटी वळणापलीकडे दिसेनाशी झाली.

मेरेआना काठावर आली. केसांतून पाणी गळत होतं. तिनं हळू आवाजात विचारलं, "डावा? मी शिवलेला?"

आत्ता सांगायला हवं होतं. अजून वेळ होता. धाप लागलीय म्हणून थांबल्यासारखा तो थांबला, आणि मग म्हणाला, "हो."

तिनं मान हलवली. खाली बसली. आपले दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवले आणि त्यांच्याकडे बघत राहिली.

"माझ्या हातचा टाका," ती म्हणाली. "नातवंडांना बोटं धरून शिकवते मी, की टाका असा घाल की बापजन्मी सुटणार नाही. आणि जिथं खरी गरज होती तिथं..."

"अंधार होता खोपीत," फर्गस म्हणाला. "चुलीच्या उजेडात कुणाला दिसतंय? सोड."

"आंधळीसुद्धा धड शिवते रे," मेरेआना म्हणाली.

तिआकी बूट सोडून त्यातलं पाणी ओतत बसला. बुटात पाणी उरलं नव्हतं, तरी ओतत बसला. वर बघायची त्याची छाती होईना.

नदीकाठानं ते खाली निघाले. पेटी फोमची, बुडणार नाही, कुठेतरी अडकली असेल, एवढीच आशा. मेरेआना पुढे होती. ती थांबत नव्हती. फर्गसनं पावाचा तुकडा पुढे केला, तो तिनं घेतला नाही. काट्यांच्या जाळीतून वाट काढताना तिचे हात ओरबाडले, त्याकडेही तिनं बघितलं नाही. जणू त्या हातांना ती शिक्षा करत होती. मागून चालणाऱ्या तिआकीला हे सगळं दिसत होतं. प्रत्येक वळणावर तो ठरवायचा, आता सांगतो. वळण यायचं, जायचं. जितका उशीर होत होता तितकं ते जड होत होतं. पाठीवर काही नसताना तो वाकून चालत होता.

एका ठिकाणी एक किआ पोपट फांदीवरून खाली उतरला आणि फर्गसच्या उरलेल्या बुटाची नाडी ओढू लागला.

"घे, तूही घे," फर्गस म्हणाला. "एक डोंगरानं नेला, एक तू ने."

कुणी हसलं नाही. फर्गसनं वळून तिआकीकडे बघितलं. जरा जास्तच वेळ बघितलं. मग तो पुढे चालू लागला.

नदी दोन कातळांच्या मध्ये अरुंद झाली होती. तिथे पुरानं आणलेली झाडं अडकून लाकडांचा बांध तयार झाला होता. पाणी त्याच्याखालून भोवरे घेत, गुरगुरत शोषलं जात होतं. आणि बांधाच्या मध्यावर, दोन खोडांच्या बेचक्यात, पाण्याच्या वर, पांढरं काहीतरी!

"पेटी!" फर्गस ओरडला आणि बरगडी धरून वाकला. "झाकण आहे! झाकण आहे अजून!"

तिआकी पुढे झाला. "मी जातो."

"तू जड आहेस," मेरेआना म्हणाली. "तुझ्या वजनानं लाकडं सुटतील आणि सगळंच खाली जाईल. मी हलकी आहे." फर्गसच्या पिशवीतल्या दोरीचं टोक तिनं कमरेला गुंडाळलं. "आणि टाका माझा होता. मीच जाणार."

"आत्या..."

"काय?"

त्याचं तोंड उघडलं. पाण्याचा आवाज केवढा तरी मोठा होता. तिचे डोळे त्याच्या चेहऱ्यावर होते. लाल, थकलेले, संपूर्ण विश्वासाचे.

"जपून," तो म्हणाला.

ती गेली. मांजरासारखी चारी हातापायांवर, खोडावरून खोडावर. लाकडं करकरत होती. एकदा तिचा पाय घसरला, तिनं फांदी धरली, पुन्हा निघाली. पेटीपाशी पोचली. कमरेची दोरी सोडून तिनं ती चौकटीला बांधली. आपली कंबर मोकळी राहतेय याचा तिनं विचारही केला नाही.

"ओढा!"

दोघांनी ओढलं. पेटी बेचक्यातून निसटली. त्याबरोबर वरचं खोड फिरलं, आणि मेरेआना लाकडांच्या फटीत गेली. काखेपर्यंत! तिचे हात खोडावर पसरले. खालून पाणी तिला ओढत होतं. तिनं हाक मारली नाही. तिला श्वासच मिळत नव्हता.

तिआकीनं दोरी फर्गसच्या हातात कोंबली.

तो धावला. लाकडं त्याच्याखाली डुगडुगली. एक सुटलं. त्यानं उडी मारली. दुसरंही सुटलं! तो पोटावर पडला, सरपटला, तिचं मनगट पकडलं. ओढलं. ती हलेना. हनुवटी पाण्यात गेली. त्यानं पाय सोडले आणि स्वतःच फटीत उतरला. पाणी पुन्हा डोक्यावरून गेलं. तीच थंडी. तोच गडगडाट. तीच भीती, आतून ओरडणारी, सोड, सोड! त्यानं सोडलं नाही. खाली तिचा बूट फांदीत अडकला होता. त्यानं फांदी मोडली. तिला खालून वर ढकललं. एकदा. परत एकदा! तिचं वजन त्याच्या खांद्यावरून वर गेलं. मग तिचाच ओरबाडलेला हात खाली आला, आणि त्या हातानं तिआकीचे केस पकडले.

ते काठावर कसे आले ते दोघांनाही नंतर सांगता आलं नाही. मागे बांध फुटला. लाकडं तोफ उडाल्यासारखी आवाज करत खाली गेली.

फर्गसनं पेटी वर ओढून ठेवली होती. तो तिच्याशेजारी उभा होता. तिआकीनं डोळे उघडले तेव्हा त्याला दिसलं, की फर्गस चौकट हळूच उलटी करतोय, पट्टे खाली जातील अशी. दोघांची नजरानजर झाली. म्हाताऱ्यानं दुसरीकडे तोंड फिरवलं.

"इकडे दे," मेरेआना खोकत उठून बसली. "बघू दे मला कुठं सुटला टाका."

"राहू दे ना आता, मेरेआना. पेटी मिळाली, बास झालं."

"दे म्हणते ना."

तिनं चौकट सरळ केली. उजवा पट्टा जागेवर होता. डावाही जागेवर होता. तिनं शिवणीवरून अंगठा फिरवला, वरून खाली, मग खालून वर. एकही टाका सुटला नव्हता. तिनं पट्टा ताणून बघितला, अगदी खोपीत बघितला होता तसा.

"तुटला नव्हता," तिआकी म्हणाला. त्याचे दात वाजत होते. "मी काढून टाकला. घाबरलो. फर्गसकाकांचा हातही झटकला. पाणी कमरेएवढं होतं, आत्या. मी उभा राहिलो असतो तर काहीच झालं नसतं."

तिनं त्याच्याकडे बघितलं. तिनं ओरडावं, थोबाडीत मारावी, असं त्याला वाटलं. ते सोपं झालं असतं.

"पेटी उघड," ती म्हणाली.

आत शेवाळाचा लगदा झाला होता. वरच्या थरातल्या गोगलगाई आपटून फुटल्या होत्या. एकीचं कवच कागदासारखं फाटलं होतं, आतलं काळं अंग निपचित. तिनं एकेक उचलून गुडघ्यावर ठेवली. तळाशी, शेवाळ घट्ट बसलेल्या कोपऱ्यात, काही कवचं घट्ट मिटलेली होती. तिनं एकीवर गरम श्वास सोडला. वाट बघितली. कवचाच्या कडेला ओलसर काळी कड दिसली. मग एक शिंग.

"जगल्या," फर्गस म्हणाला.

अर्ध्याअधिक जगल्या होत्या. मेलेल्या तिनं काठावरच, नेच्याच्या मुळाशी पुरल्या. तिआकीनं खड्डा खणायला हात पुढे केला, तेव्हा ती थोडी बाजूला सरकली. त्याला खणू दिलं. पण ओझं उचलायची वेळ आली आणि तो पट्ट्यांकडे वळला, तेव्हा तिनं चौकट आपल्याकडे ओढली.

"नको."

एवढंच. ती पेटी तिनं गावापर्यंत स्वतः नेली. फर्गसला तिआकीनं पाठुंगळी घेतलं. खोऱ्यातला सगळ्यात रुंद खांद्यांचा माणूस वाटभर एका भिजलेल्या म्हाताऱ्याला घेऊन चालत होता, आणि म्हातारा त्याच्या कानाशी पुटपुटत होता, "मीही टाळ्या घेतल्यात रे फुकटच्या. माहीत आहे मला ती चव. नंतर घशात अडकते."

टेकडीच्या रानात सगळं गाव जमलं होतं. पाऊस होता, ते बरंच होतं. मेरेआनानं एकेक गोगलगाय लोकांच्या हातात दिली, पोरांच्या, म्हाताऱ्यांच्या, आणि त्यांनी ती पाचोळ्यात ठेवली. तिआकी मागे, एका खोडाआड उभा होता. त्याला कुणी बोलावलं नाही. म्हणजे पोरांनी बोलावलं, तोच गेला नाही.

संध्याकाळी सभाघरात पंगत बसली. जमिनीतल्या भट्टीतलं मटण, रताळी, मासे. जेवणं आटोपत आली तेव्हा हेनारे आजोबा काठी टेकत उभे राहिले.

"पट्टा तुटला म्हणून डोंगराची काही पोरं नदीनं नेली," ते म्हणाले. परतताना नदीकाठावर पहिल्यांदा भेटलेल्या माणसांना तिआकीनं पुन्हा तेवढंच सांगितलं होतं, आणि तेच गावभर झालं होतं. "पण नदीनं आमची मेरेआना मागितली, तेव्हा या वाघानं दिली नाही! असा मुलगा ज्या घरात आहे..."

लोकांनी जमिनीवर पाय आपटले. कुणीतरी तिआकीच्या पाठीवर थाप मारली. त्यानं आत्याकडे बघितलं. ती ताटातल्या माशाचे काटे काढत होती. एकेक काटा ताटाच्या कडेला ओळीनं ठेवत होती. तिनं मान वर केली नाही. ती कुणाला सांगणार नव्हती, हे त्याला कळलं. फर्गसही सांगणार नव्हता. त्यानं नुसतं बसून राहायचं होतं.

तो उठला.

"आजोबा, पट्टा तुटला नव्हता," तो म्हणाला.

पाय आपटायचे थांबले. त्यानं सगळं सांगितलं. ओंडका, पाणी, झटकलेला हात, टाकलेली पेटी. "आणि ते मी आत्याच्या टाक्यावर ढकललं. दिवसभर ती स्वतःला दोष देत होती आणि मी मागून बघत होतो. त्या दोषापायीच ती लाकडांवर गेली. म्हणजे मी तिला वाचवलं नाही. आधी मीच तिला तिथं पाठवलं." त्यानं चटईकडे बघितलं. "एवढंच. माझ्या नावानं पाय आपटू नका."

एक पोरगं खोकलं, आईनं त्याला गप्प केलं.

त्या गावात बोलणाऱ्याचं बोलणं संपलं की त्याची माणसं उठून गाणं म्हणतात. गाणं म्हणजे, हा जे बोलला त्याच्या मागे आम्ही आहोत. आणि कुणी उठलं नाही, तर माणूस भर सभेत उघडा पडतो. तिआकी उभा होता. त्याची नजर पायाखालच्या चटईवर होती. कानशिलं तापली होती. कुणी उठत नव्हतं, आणि उठावं तरी का, असं त्यालाही वाटत होतं. हेनारे आजोबांनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. बाहेर पन्हाळीतून पाणी पडत होतं.

मग ताट सरकवल्याचा आवाज झाला.

मेरेआना उठली. एकदम उठवेना, शेजारणीच्या खांद्यावर हात ठेवून उठली. ती त्याच्या शेजारी येऊन उभी राहिली. त्याच्याकडे तिनं बघितलं नाही. नदीचं पाणी पिऊन बसलेल्या, फाटक्या आवाजात तिनं सूर लावला. दुसऱ्या ओळीला फर्गस बरगडी धरून उठला आणि नेहमीप्रमाणे चुकीचे शब्द म्हणू लागला. मग हेनारे आजोबा. मग एकेक करत सगळे.

गाणं संपेपर्यंत बोलणाऱ्यानं उभं राहायचं असतं. बसायचं नाही, बाहेर जायचं नाही, तोंड लपवायचं नाही. तिआकीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायलाही त्याचा हात उठत नव्हता. तो उभा राहिला. त्याला बराच वेळ उभं राहावं लागलं, कारण आत्यानं गावातलं सगळ्यात लांब गाणं निवडलं होतं.